सोमवारची मेथी

परमेश्वराची चौथी आज्ञा, शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस पाळण्याची, वाशीमच्या ख्रिस्ती मंडळीत जगदेव मास्तरांइतकी काटेकोर कोणी पाळत नव्हतं, हे त्यांचं बरं न पाहवणारेही कबूल करत. रविवारी मास्तर काही विकत घेत नसत, दाढी करत नसत, वर्तमानपत्र उघडत नसत. शनिवारी दिवेलागणीला सायकलला कुलूप लागे ते सोमवारी निघे. चूल तेवढी पेटे, कारण भुकेल्या माणसाच्या बाबतीत शास्त्र दयाळू आहे आणि मास्तरांना रविवारी दुपारी सडकून भूक लागे. असा हा शब्बाथ यथासांग पार पडला की सोमवारी सकाळी त्यांच्या घरी मेथीची भाजी होई. मेथी रविवारच्या बाजारातली असे.

आता यात मास्तरांचा दोष किती, हे ठरवायचं तर आधी बाजाराकडे पाहावं लागेल. वाशीमचा बाजार रविवारी भरे, आणि तो मिशनचे लोक यायच्या कितीतरी आधीपासून रविवारीच भरत आला होता. पहिल्या साहेबानं म्हणे बाजाराचा वार बदलून मिळावा म्हणून वर अर्ज केला होता. वार काही बदलला नाही. तेव्हा साहेबानं बाजार सोडून मंडळीलाच बदलायला घेतलं आणि नियम केला की मंडळीच्या माणसानं रविवारी बाजारात पाय ठेवायचा नाही. साहेबाच्या बंगल्यात घासलेटवर चालणारा फ्रीज होता, त्यामुळे नियम त्याला जड गेला नाही. पुढं साहेब गेला, फ्रीज गेला, नियम राहिला.

मास्तरांच्या घराला लागून प्रयागबाईचं घर होतं. तिच्या सासऱ्यानं छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. तेव्हापासून त्या घराचं कुठल्याच देवाकडे काही येणंजाणं उरलं नव्हतं आणि रविवार म्हणजे त्यांच्या लेखी सरळ बाजाराचा दिवस होता. शनिवारी संध्याकाळी मास्तरांची बायको विमलबाई कुंपणावरून एक रिकामी पिशवी प्रयागबाईच्या हातात देई. सोमवारी सकाळी तीच पिशवी भरून परत येई. मधल्या दिवशी पिशवीचं काय होई, हे मास्तर विचारत नसत. एखाद्या गोष्टीचा विचार न करण्यालाही साधना लागते, आणि मास्तरांची ती पुष्कळ वर्षांची होती.

"तुमचा देव मले ओळखत नाई, मास्तर," प्रयागबाई एकदा म्हणाली होती, "म्हून मी कुठंबी जातो."

मास्तर यावर सौम्य हसले होते. तिच्यासाठी त्यांनी प्रार्थनाही केली होती.

ते शहात्तर साल होतं. साऱ्या देशाला शिस्त लावायचं सरकारनं मनावर घेतलं होतं. बसस्टँडवर शिस्तीच्या पाट्या लागल्या होत्या आणि कचेरीतले कारकून कचेरीत सापडू लागले होते. मंडळीचे पाळक हरिसिंग राठोड वयानं तरुण, नुकतेच यवतमाळहून शिकून आलेले. जे सरकारला जमतं ते देवाच्या घरी का जमू नये, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी 'आज्ञापालनाचा महिना' जाहीर केला. आज्ञा नुसत्या पाठ नकोत, रोजच्या जगण्यात दिसल्या पाहिजेत. ज्यानं आठवडाभरात देवाची एखादी आज्ञा पाळली असेल त्यानं रविवारी उभं राहून तशी साक्ष द्यावी. महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रभुभोजन, भाकरी-द्राक्षरसाचा विधी, ठेवलं होतं, म्हणजे मंडळी पाळलेल्या आज्ञांसकट मेजापाशी येईल.

पहिल्या रविवारी कोणी उठेना. शेवटी एक जण उठला आणि या आठवड्यात आपण चोरी केली नाही असं सांगून बसला. दुसऱ्या रविवारी पोस्टातले गोविंदसिंग उठले. आपण या आठवड्यात आईचा मान राखला, तिला वेळ काढून भेटलो, पाय चेपले, असं त्यांनी गहिवरून सांगितलं. त्यांची आई बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसली होती. तिनं शेजारणीला विचारलं, "कवा?"

तिसऱ्या रविवारी जगदेव मास्तर उठले.

मास्तर मिशनच्या शाळेत शिकवत आणि मंडळीचे पंच होते. घरी ते वऱ्हाडी बोलत. चर्चला मंडळी देऊळच म्हणे; त्या देवळात उभे राहिले की त्यांच्या तोंडून छापील मराठी निघे. चौथ्या आज्ञेवर त्यांना बोलता येई तितकं मंडळीत कोणाला येत नसे, आणि त्या दिवशी ते चांगलेच बोलले. आपण संसाराला लागल्यापासून रविवारी एक काडीसुद्धा विकत घेतलेली नाही, हे त्यांनी नम्रपणे सांगितलं. मोशेच्या लोकांना रानात मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, मिळे तोसुद्धा शब्बाथाला पडत नसे, आदल्या दिवशीच दुप्पट गोळा करावा लागे, हे सांगितलं. इथं थांबले असते तर गोष्ट संपली असती. पण समोरची माणसं माना डोलवू लागली की मास्तरांना थांबता येत नसे.

"परंतु बंधूभगिनींनो," ते म्हणाले, "प्रभूच्या दिवशी प्रभूच्या अंगणात जर बाजाराचा वास येत असेल, तर आपण कुणाची फसवणूक करतो आहोत?"

नेमका तेव्हाच बाहेरून वारा आला आणि सगळ्या देवळात कोथिंबिरीचा वास पसरला.

बाहेर कडुनिंबाखाली एक टोपली ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवलेली असे. ती सोजरबाईची. सोजरबाई शनिवारी देऊळ झाडी आणि रविवारी सगळ्यांत मागच्या सतरंजीवर बसे. तिचा नवरा जानराव दम्यानं खाटेला लागला होता. नाल्याच्या काठाला बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, घेतलेल्या तुकड्यात ती मेथी, कोथिंबीर, पालक लावी. रविवारी आशीर्वाद मिळाला की ती टोपली डोक्यावर घेऊन तशीच बाजारात जाऊन बसे. हे सगळ्यांना माहीत होतं. पण कोणी बोललं नव्हतं, म्हणून मंडळीला ते माहीत नव्हतं. आता सगळ्यांच्या माना आधी खिडकीकडे वळल्या आणि मग मागच्या सतरंजीकडे. सोजरबाईनं डोक्यावरचा पदर उगाच पुढं ओढला.

त्याच संध्याकाळी पंच बसले. पंच म्हणजे पाळक, जगदेव मास्तर आणि निवृत्त कंपाउंडर शेषराव. शेषरावांना ऐकू कमी येई आणि त्यामुळे त्यांचा कशालाच विरोध नसे.

"बसा, सोजरबाई," पाळक म्हणाले.

"उभीच बरी जी."

"तुम्ही रविवारी बाजारात बसता, हे खरं आहे का?"

"बसतो न जी. सगळ्यायले दिसते तं."

"दुसऱ्या दिवशी नाही का बसता येणार?"

"येते न," सोजरबाई म्हणाली. "सोमवारी बसली तं बकऱ्या येतीन गिऱ्हाईक म्हून."

शेषरावांना हे मात्र ऐकू आलं. ते हसले आणि मग खोकल्यासारखं केलं.

मास्तरांनी खुर्ची पुढं सरकवली. "सोजरबाई, प्रश्न मेथीचा नाही. प्रश्न आज्ञेचा आहे. देव एका हातानं अडवतो तेव्हा दुसऱ्या हातानं देत असतो."

"कवा देते?" सोजरबाईनं विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. वेळ कळली तर बरं, एवढंच.

यावर शास्त्रात पुष्कळ उत्तरं होती. मास्तरांना त्या वेळी एकही आठवलं नाही, म्हणून त्यांनी निर्णय सांगितला. पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. तोवर सोजरबाईनं रविवारी बाजारात बसणार नाही असा शब्द द्यावा. नाहीतर तिनं मेजापाशी येऊ नये.

सोजरबाईनं उंबऱ्यावरची माती पायानं बाजूला केली. मेजापाशी जायचं असलं की ती त्या दिवशी सकाळपासून काही खात नसे. गेल्या खेपेला जानरावाला उठवत नव्हतं तर त्याच्यासाठी भाकरीचा तुकडा पदरात बांधून न्यायला तिनं पाळकांना विचारलं होतं. "इचारतो त्यायले," ती म्हणाली आणि गेली.

"कठीण होतं," पाळक म्हणाले.

"आज्ञा कठीणच असते," मास्तर म्हणाले. त्यांना त्या रात्री झोप छान लागली.

सोमवारी सकाळी विमलबाईचे हात पिठात होते, म्हणून कुंपणावरची पिशवी घ्यायला मास्तर स्वतः गेले. असं सहसा होत नसे. पिशवीतून मेथीची जुडी वर आली होती. जुडी जांभळ्या चिंधीनं बांधली होती आणि चिंधीवर पांढऱ्या दोऱ्यानं भरलेलं अर्धं द्राक्ष होतं.

मास्तर ते अर्धं द्राक्ष पाहत उभे राहिले. दुसरं अर्धं कुठं असेल हे त्यांना कळेना, पण अख्खं असताना ते कुठं होतं हे चांगलं ठाऊक होतं. देवळात वेदीमागं जांभळा मखमली पडदा होता. त्यावर मंडळीच्या बायकांनी द्राक्षवेल भरला होता. पडदा विरला तेव्हा पंचांपुढं प्रश्न आला, की त्याचं करायचं काय. मास्तर म्हणाले होते, प्रभूच्या घरची वस्तू बाजारात जाता कामा नये. म्हणून पडदा सोजरबाईला फरशी पुसायला दिला होता. विरलेली का होईना, मखमल पाणी पीत नाही. ती फरशी पुसायच्या कामाची नाही हे सोजरबाईला पहिल्याच दिवशी कळलं असणार.

"प्रयागबाई," मास्तरांनी कुंपणापलीकडे हाक मारली. "हे मेथी कोनाची?"

"कोनाची म्हंजे? सोजरबाईची."

"आजच घेतली तिच्यापासून?"

"आज कायले? काल. आज कुठं बाजार हाये?" प्रयागबाई कडेवरचं नातवंड सावरत कुंपणापाशी आली. "मी तं तिच्याच पासून घेतो नेहमी. म्हटलं तुमच्याच देवाची बाई हाये, तुमच्याच घरात जाऊ द्या. आन तिची मेथी ताजी राह्यते न मास्तर. बाकीच्यायची उनानं मान टाकते. हिची तुमच्या देवळाच्या लिंबाखाली असते सकाळपासून, थंडगार."

"बरं," मास्तर म्हणाले.

"काहून? काई कीड निंघाली काय?"

"नाई. चांगली हाये."

ते पिशवी घेऊन आत आले आणि चुलीपाशी उभे राहिले. विमलबाई भाकरी थापत होती.

"तुले ठाऊक होतं?"

"काय?"

"मेथी सोजरबाईची हाये म्हून."

विमलबाईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि मग म्हणाली, "मंग तुमाले काय वाटे? सोमवारी आपल्या आंगनात मान्ना पडते?"

"काल देवळात मी एवढा बोललो, तवा तू काहून नाई सांगतलं?"

"तुमी बोलून राह्यले होते. मधात कसं सांगू?" तिनं मास्तरांच्या हातातली जुडी घेतली, सराईतपणे चिंधी सोडली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. खिळ्यावर आधीच बऱ्याच जांभळ्या चिंध्या होत्या. "लय मजबूत असते हे," ती म्हणाली.

मग मास्तरांना घर दिसू लागलं. मच्छरदाणीचे चारही कोपरे जांभळ्या चिंध्यांनी बांधलेले होते. छत्रीची मूठ जांभळी होती. लोणच्याच्या बरणीचं तोंड जांभळं होतं. आणि त्यांचं स्वतःचं पवित्र शास्त्राचं पुस्तक, ज्याचं बाइंडिंग सुटलं म्हणून विमलबाईनं बांधून दिलं होतं, त्यावर एक अख्खं द्राक्षाचं पान होतं. काल साक्ष देताना ते पान त्यांच्या हातात होतं आणि अंगठा नेमका त्यावर होता.

लाज ही गोष्ट मास्तरांनी आजवर दुसऱ्यांना वाटताना पाहिली होती. शाळेत मुलांना वाटते, देवळात बायकांना वाटते. ती आतून अशी असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. भाजी पानात आली तेव्हा त्यांनी पोट बरं नाही असं सांगितलं. विमलबाईनं काही न बोलता ती दुपारसाठी झाकून ठेवली, आणि दुपारी त्यांनी ती खाल्ली. टाकून देणं हेही पापच.

तो आठवडा वाईट गेला. आधी मास्तरांनी असं ठरवून पाहिलं की, देवाला हे सगळं आधीपासूनच माहीत आहे, तेव्हा सांगायची तशी घाई नाही. हे एक दिवस टिकलं. मग त्यांनी भाजी बंद केली. विमलबाईनं तक्रार न करता झुणका केला, दुसऱ्या दिवशी झुणका केला, तिसऱ्या दिवशीही झुणका केला. झुणक्यानं लाज जात नाही, नुसती जळजळ वाढते. पहिल्या झुणक्यालाच त्यांना कळून चुकलं होतं, की जे सगळ्यांसमोर उभं राहून बोललो ते सगळ्यांसमोरच फिरवावं लागेल. रविवारी मेजाच्या आधी उठायचं आणि सांगायचं: सोजरबाईची मेथी मीच खातो. तिनं विकली ती रविवारीच, आणि घेतली मी. तिला अडवायचं असेल तर आधी मला अडवा.

हे वाक्य त्यांनी शाळेत जातायेता सायकलवर घोळवलं. प्रत्येक खेपेला ते जरा जरा बदले. मंगळवारी त्या वाक्यात मास्तर एकटे होते. बुधवारी त्यात विमलबाई आली, कारण पिशवी शेवटी ती देते. गुरुवारी प्रयागबाई आली. शुक्रवारी मास्तरांच्या लक्षात आलं, की वाक्यात आता फक्त प्रयागबाईच उरली आहे आणि साऱ्या प्रकाराला तीच जबाबदार आहे. ते सायकलवरून उतरले आणि काही वेळ नुसतेच सायकल ढकलत चालले.

शनिवारी शाळा सुटल्यावर ते नाल्याकडे गेले. मंडळीला सांगायच्या आधी निदान सोजरबाईला सांगावं, म्हणजे मग माघार घेता येणार नाही, असा हिशेब होता.

सोजरबाई वाफ्यात बसून मेथी उपटत होती. बाजूला जुड्या रचल्या होत्या. मास्तरांना पाहून ती हात झटकत उठली. तिला काय वाटलं असेल ते उघड होतं. पंच पाहणीला आले होते.

"या मास्तर. बसाले काई नाई इथं."

"राहू दे. चाललो होतो इकून." इकडून कुठंच जाता येत नव्हतं. रस्ता नाल्यापाशी संपत होता. "मेथी चांगली आली."

"देवाची दया."

"शेणखत टाकतेस का?"

"टाकतो न."

"राखही टाकावी थोडी. माव्याच्या किडीले बरी."

"बरं जी."

मास्तरांनी घसा साफ केला. वाक्य तयार होतं. शुक्रवारी त्यातून प्रयागबाईला काढून ते पुन्हा धुऊन पुसून ठेवलं होतं. "सोजरबाई," ते म्हणाले, "तुले एक सांगाचं होतं."

"मलेच सांगाचं होतं तुमाले," सोजरबाई म्हणाली. "मी नाई बसत बाजारात उद्या. शब्द देला. हे म्हनाले, पोट काय, कसंबी भरते, पन मंडळीशी वाकडं घेऊ नको. मेल्यावर मातीले कोन येईन?"

मास्तरांच्या छातीवरचं ओझं झटकन हललं. ते उतरलं नव्हतं. सोयीच्या जागी सरकलं होतं. तिनं शब्द दिला म्हणजे आता तिला कोणी अडवणार नाही. अडवणार नाही म्हणजे मग सांगायचीही तशी... त्यांची नजर रचलेल्या जुड्यांवर गेली.

"मंग हे एवढी मेथी कायले उपटली?"

"बाजारासाठी न."

"तू तं बसत नाईस म्हनली."

"मी नाई बसत. प्रयागबाई बसते. आज संध्याकाळी टोपली तिच्या घरी नेऊन ठेवतो. सोमवारी सकाळी रिकामी घेऊन येतो." सोजरबाईचा चेहरा उजळला होता. अवघड गणित सुटलेल्या पोरीसारखी ती मास्तरांकडे पाहत होती. "मले सुचत नव्हतं पाहा. पाच दिवस रडून राह्यली होती. मंग ध्यानात आलं, तुमच्या घरी कसं करता तुमी. शनिवारी पिशवी देता, सोमवारी घेता, मधात काई नाई. म्हटलं, मास्तर करते तं बरोबरच असन. तुमच्यावरून शिकली मी."

मास्तरांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिथं थट्टा असती तर बरं झालं असतं. तिथं नुसता आदर होता.

"बरोबर हाये न जी?" तिनं विचारलं.

नाल्यापलीकडे कोणी तरी बैलांना पाणी दाखवत होतं. मास्तर तिकडे पाहत म्हणाले, "हो."

मास्तर निघताना तिनं त्यांच्या सायकलच्या हँडलला मेथीची एक जुडी अडकवून दिली. शनिवार असल्यानं त्याला हरकत घेता आली नाही.

रविवारी कडुनिंबाखाली टोपली नव्हती. देवळात पहिल्यांदाच नुसता माणसांचा वास येत होता. मास्तरांनी मनुका उकळून गाळलेला द्राक्षरस आणि भाकरीचं ताट मेजावर मांडलं, कारण ते पंचांचं काम होतं, आणि ते पहिल्या रांगेत बसले. सांगायचंच, हे त्यांनी रात्री पुन्हा ठरवलं होतं. आता तर जास्तच सांगायला हवं होतं, कारण आधी ते एकटेच चुकत होते आणि आता त्यांनी शिष्य तयार केला होता.

पाळकांनी साक्षीसाठी विचारलं. मास्तर उठले.

"मास्तर काय सांगणार ते मला ठाऊक आहे," पाळक आनंदानं म्हणाले, "पण ती बातमी मला देऊ द्या." आणि त्यांनी मंडळीला सांगितलं, की आपल्या भगिनी सोजरबाई यांनी बाजारात बसणं सोडलं आहे, आणि हे एका माणसाच्या आज्ञापालनाच्या उदाहरणामुळे घडलं आहे. त्यांनी नाव घेतलं नाही. सगळे मास्तरांकडे पाहू लागले. मास्तर उभेच होते, त्यामुळे सगळ्यांना ते नीट दिसले. मागच्या सतरंजीवर सोजरबाईनं हात जोडले. मग कोणी तरी गीत सुरू केलं. उभ्या माणसानं गीत चालू असताना बोलणं बरं दिसत नाही. ते मोठं गीत होतं. ते संपेपर्यंत मास्तर खाली बसले होते.

ताट फिरवायचं कामही पंचांचंच. मास्तरांनी रांगेरांगेनं ताट नेलं. सोजरबाईनं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. नखांत नाल्याची माती होती. मास्तरांनी ओंजळीत तुकडा ठेवला, जानरावासाठी वेगळा पदरात दिला आणि ताट मेजावर परत नेऊन ठेवलं. स्वतः त्यांनी घेतलं नाही. त्या दिवशी त्यांच्या हातून झालेली खरी गोष्ट ही एवढीच.

ती कोणाच्या लक्षात आली नाही. फक्त बाहेर चपला घालताना सोजरबाई जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, तुमी घेतलं नाई. पोट बरं नाई काय? मेथी लय होत असन. गरम असते ते."

मास्तर तसेच मागे फिरले आणि पाळकांच्या खोलीत गेले. पाळक उरलेला द्राक्षरस बाटलीत ओतत होते. मास्तरांनी दार लोटलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: पिशवी, कुंपण, प्रयागबाई, जांभळी चिंधी, नाला. छापील मराठी कधी सुटली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. "पुढच्या रविवारी मी मंडळीले सांगतो," ते म्हणाले. "तुमी मले पंचांतून काढा. सोजरबाईले बाजारात तिच्या जागी बसू द्या."

पाळकांनी बाटलीला बूच लावलं. ते बराच वेळ लावत होते.

"मास्तर, हे मंडळीत बोलू नका."

"काहून?"

"प्रयागबाई आमचीही आणते." पाळकांनी दाराकडे पाहिलं. "आमच्याकडे पाहुणे असतात. आमच्या दोन पिशव्या असतात."

मास्तरांनी मनातल्या मनात पिशव्या मोजल्या.

"शेषरावांचीही तीच आणते," पाळक म्हणाले. "त्यांच्याकडे मेथी नाही, पालक. तुम्ही उभे राहिलात तर कुठवर जाईल सांगा. पाळक म्हणून मी तुम्हाला आज्ञा करतो, असंच समजा."

मास्तरांनी आज्ञा पाळली. महिना आज्ञापालनाचाच होता.

प्रयागबाईला बाजारात ओरडता येत नसे. तिनं त्या रविवारी सोजरबाईच्या जागी बसून आधी ओळखीच्या घरांच्या पिशव्या भरल्या आणि मग गिऱ्हाईक येईल तसं येऊ दिलं. फार आलं नाही. तिच्या अंगणात कडुनिंब नव्हता, म्हणून दुपारपर्यंत जुड्यांनी मान टाकली. उरलेली मेथी संध्याकाळी तिच्या बकऱ्यांनी खाल्ली.

सोमवारी सकाळी कुंपणावरून मास्तरांची पिशवी आली. तिच्यात मेथी होती. प्रयागबाईनं ती स्वतःपासूनच विकत घेतली होती.